सांगितलेल्या अहिल्याबाई आणि पाहिलेल्या अहिल्याबाई

इंदुरातल्या मराठी घरांत एक तिथी दरवर्षी दोन नावांनी येते. आमच्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात ती श्रावण वद्य चतुर्दशी असते. शेजारच्या हिंदीभाषक बिऱ्हाडाच्या पंचांगात तीच भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. आमचा महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, एवढाच काय तो फरक. दिवस मात्र एकच. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, याच तिथीला, महेश्वरी अहिल्याबाई होळकरांनी देह ठेवला. त्या तिथीला आजही इंदुरात पालखी निघते, आणि पालखीपुढे जाणाऱ्यांपैकी कोण मराठी, कोण माळवी, कोण गुजराती हे त्या दिवशी कोणी विचारीत नाही. दोन पंचांगे, दोन पाट्या आणि दोन भाषांतली पाठ्यपुस्तके घेऊन संसार करणाऱ्या सीमाभागातील वाचकांना यात नवल वाटू नये.

मी राहतो तो भाग अन्नपूर्णा या नावाने ओळखला जातो. १९५९ साली येथे अन्नपूर्णा देवीचे मंदिर उभे राहिले आणि पुढे भोवतालच्या सगळ्या वस्तीला देवीचेच नाव पडले. येथून राजवाडा फार लांब नाही. शिक्षकी पेशात शिरल्यापासून अहिल्याबाईंच्या पुण्यतिथीला विद्यार्थ्यांपुढे बोलण्याचे काम बहुतेक माझ्याकडेच येत गेले. इतिहासाचा एम. ए., त्यात मराठी, म्हणजे हे काम माझेच, असे सर्वांनी गृहीत धरले होते. आणि माझे भाषणही ठरलेले असे. त्यात आडा बाजाराची गोष्ट हमखास यायची.

ती गोष्ट इंदुरात शेंबडे पोरही सांगेल. अहिल्याबाईंचा पुत्र मालेराव रथातून चालला असता रस्त्यात एक वासरू रथाखाली सापडून मेले. गाय तेथेच बसून राहिली. बाईंना हे कळले, तेव्हा त्यांनी हुकूम केला की जसे वासरू मेले तसेच अपराध्यालाही हातपाय बांधून रस्त्यावर टाका आणि त्याच्या अंगावरून रथ न्या. रथ हाकायला कोणी धजेना, म्हणून बाई स्वतः रथात बसल्या. तोच ती गाय रथापुढे आडवी आली. हाकलली तरी पुन्हा पुन्हा आडवी येऊ लागली. जणू तिचे म्हणणे असे, की माझे लेकरू गेले, आता दुसऱ्या आईचे जाऊ नये. मालेराव वाचला आणि राजवाड्याजवळच्या त्या जागेला ‘आडा बाजार’ हे नाव पडले.

१९९७ सालची गोष्ट. मी नुकताच नोकरीत कायम झालो होतो. भाषण संपवून वर्गात आलो तर सातवीतला एक मुलगा उभा राहिला. घरी मराठी बोलणारा, पण शाळेत हिंदीतच विचारणारा. म्हणाला, “सर, ये सचमुच हुआ था क्या?” मी क्षणभर थांबलो. मला ठाऊक होते की याला पुरावा नाही. पण चाळीस मुले माझ्याकडे बघत होती, आणि गोष्टीचा परिणाम ओसरावा असे मला वाटत नव्हते. मी म्हणालो, “हो, झालेले आहे. इतिहासात आहे.” मुलगा खाली बसला. न्यायाची आणि सत्याची थोरवी सांगता सांगता मी एक असत्य बोललो होतो.

पुढे काही वर्षांनी तंजावरकडे जाण्याचा योग आला. भोसल्यांचा दरबार, सरस्वती महाल ग्रंथालय पाहून झाल्यावर जवळच्या तिरुवारूरला गेलो. तेथे मंदिराजवळ एक दगडी रथ आहे. त्याची कथा स्थानिक माणसाने सांगितली, तेव्हा मी चकित झालो. मनुनीती चोळ नावाच्या राजाच्या मुलाच्या रथाखाली वासरू मेले, गाईने राजद्वारीची घंटा वाजवून न्याय मागितला आणि राजाने स्वतःच्या मुलावर रथ घातला! परत आल्यावर पुस्तके धुंडाळली. सिंहलद्वीपाच्या ‘महावंस’ या पाली ग्रंथात हीच कथा एळार राजाची म्हणून येते, आणि तो ग्रंथ अहिल्याबाईंच्या कितीतरी शतके आधीचा. म्हणजे ही गोष्ट फिरत फिरत, प्रजेला न्यायी वाटलेल्या राज्यकर्त्याच्या अंगणात जाऊन बसणारी आहे. लोकांनी ती बाईंना बहाल केली, यात लोकांच्या मनातला बाईंचा मान दिसतो. पण बाई आणि त्यांचा मुलगा यांच्यात प्रत्यक्षात काय घडले, ते तिच्यात दिसत नाही.

प्रत्यक्षात जे घडले ते या कथेहून फार करुण आहे. मल्हारराव होळकर २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे वारले. सरदारीची वस्त्रे मालेरावाला मिळाली आणि जेमतेम नऊ-दहा महिन्यांत, १७६७ मध्ये, तोही गेला. त्याच्या स्वभावाविषयीच्या हकिकती सर जॉन माल्कम याने माळव्यातल्या वृद्ध माणसांकडून ऐकून टिपून ठेवल्या आहेत. दान घ्यायला येणाऱ्या ब्राह्मणांच्या जोड्यांत, भांड्यांत विंचू ठेवायचे आणि ते कळवळले की हसायचे, ही त्याची करमणूक. जरीकाम करणाऱ्या एका कारागिराला त्याने संशयावरून ठार केले. तो निर्दोष होता असे पुढे कळले, आणि त्या धक्क्याने मालेरावाला वेड लागले. मेलेल्या माणसाचे भूत त्याला झपाटून आहे असे सर्वांनी मानले. अहिल्याबाई रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून त्या भुताची विनवणी करीत, तुझे देऊळ बांधते, तुझ्या मुलाबाळांना जहागीर देते, पण माझ्या मुलाला सोड, असे म्हणत. माल्कमने मालेरावाच्या इतक्या गोष्टी सांगितल्या, त्यांत रथाची गोष्ट नाही. खऱ्या इतिहासातली आई मुलावर रथ घालायला निघालेली नाही. ती मुलाच्या खाटेपाशी हतबल होऊन रडते आहे.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ इतिहासाचा नाही, तुमच्या-माझ्या घरचा आहे. आपण म्हणतो, आई-वडील जसे तशी मुले. आडात असेल तर पोहऱ्यात येईल. अहिल्याबाईंच्या आडात काय कमी होते? मग मालेरावाच्या पोहऱ्यात ते का आले नाही? आणि जिला पोटचा मुलगा घडवता आला नाही, ती लाखो परक्या माणसांच्या वागण्याला वळण कशी लावू शकली?

उत्तर शोधायचे तर आधी हे पाहावे लागते की खुद्द बाईंनी कोणाकडे पाहिले. ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी माणकोजी शिंदे या पाटलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १७३३ मध्ये खंडेराव होळकरांशी लग्न झाले आणि त्या मल्हाररावांच्या घरात आल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवले. काळाचा विचार करता ही गोष्ट लहान नव्हती. अडवून ते थांबले नाहीत; त्यांनी सुनेला कामाला लावले. मल्हाररावांचे १७६५ सालचे एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात ते सुनेला ग्वाल्हेरकडे जाण्याविषयी, मोठ्या तोफखान्याविषयी आणि दारूगोळ्याच्या तजविजीविषयी सूचना देतात. जणू हाताखालच्या सरदाराला लिहिलेले पत्र!

दुसरे माणूस म्हणजे सासूबाई गौतमाबाई. १७३४ मध्ये पेशव्यांकडून त्यांच्या नावे ‘खासगी’ची जहागीर मिळाली. खासगी म्हणजे होळकरांच्या स्त्रियांचे स्वतंत्र उत्पन्न. त्याचा दौलतीच्या, म्हणजे राज्याच्या खजिन्याशी संबंध नसे. दोन वेगळे हिशेब, दोन वेगळ्या वह्या. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्यावर खासगी अहिल्याबाईंकडे आली. म्हणजे सासऱ्याकडून राज्यकारभार आणि सासूकडून हिशेब, असे हे शिक्षण झाले. त्यासाठी कोणी त्यांना आदर्श स्त्रियांची चरित्रे वाचून दाखवली नव्हती. रोज काम चालू होते आणि त्या ते पाहत होत्या, करत होत्या.

१७६७ मध्ये मालेराव गेल्यावर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बाईंनी दत्तक घ्यावा आणि कारभार आपल्या हाती यावा असा बेत केला. राघोबादादा फौज घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बाईंनी नकार दिला, शिंदे-गायकवाड-भोसल्यांना पत्रे पाठवली, स्वतः लढण्याची तयारी केली आणि थेट माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. माधवरावांनी आपल्या चुलत्याची बाजू घेतली नाही, बाईंची घेतली. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे देऊन बाईंनी महेश्वराहून कारभार हाती घेतला, तो १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे.

या अठ्ठावीस वर्षांतले सगळ्यांत महत्त्वाचे काय, असे मला कोणी विचारले तर मी देवळांची यादी सांगणार नाही. मी त्यांचे रोजचे वेळापत्रक सांगेन. ते माल्कमने नोंदवून ठेवले आहे. सूर्योदयापूर्वी तासभर उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधे शाकाहारी जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनपासून संध्याकाळी सहापर्यंत दरबार. मग पूजा-फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. दरबार उघडा असे. बाई पडद्यात बसत नसत, गाऱ्हाणे स्वतः ऐकत. उपास आणि सणवार सोडले तर या क्रमात खंड नसे.

ही साक्ष कोणाची, तेही लक्षात घेतले पाहिजे. माल्कम हा होळकरांचा भाट नव्हता. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह लादणारा तो इंग्रज सेनानी. बाईंना जाऊन वीस-बावीस वर्षे झाली होती. त्याला सुरुवातीला ही स्तुती अतिशयोक्त वाटली. म्हणून त्याने निरनिराळ्या जातीधर्मांच्या आणि निरनिराळ्या संस्थानांतल्या लोकांकडे खोदून चौकशी केली. जितकी चौकशी वाढली तितका त्याचा आदर वाढला. १८२३ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो वाचून स्कॉटलंडच्या जोआना बेली या कवयित्रीने अहिल्याबाईंवर दीर्घ काव्य रचले, ते १८४९ मध्ये छापले गेले. पराभूतांच्या घरातली एक विधवा जेत्यांच्या देशात काव्याचा विषय झाली, तीही तोवर माळव्यात तिचा एकही पुतळा चौकात उभा नसताना.

माल्कमने सांगितलेला एक प्रसंग आमच्या इंदूरचाच आहे. येथला एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. तुकोजी होळकरांचा तळ जवळच पडला होता. कोणी तरी कानाशी लागले आणि त्या इस्टेटीत हिस्सा मागायचे तुकोजींच्या मनात आले. त्या काळी यात कोणाला फारसे वावगे वाटले नसते. सावकाराची विधवा तडक महेश्वरला गेली. बाईंनी तिचे ऐकून घेतले आणि तिला वस्त्रे दिली. घराची आणि धनाची मालकीण हीच, असा त्याचा अर्थ. तुकोजींना निरोप गेला की तळ इंदुरापासून लांब हलवावा आणि माझ्या शहराला उपद्रव देऊ नये. तुकोजींनी निमूट तळ हलवला. पुढे पैशाच्या हिशेबावरून दोघांत कटुता आली, हे पत्रांवरून दिसते. तेव्हा सगळे गोडीगुलाबीने चालले होते असे नव्हे. पण फौजेचा मालक एका बाईच्या शब्दावर मागे फिरला, हे इंदूरच्या बाजारपेठेने डोळ्यांनी पाहिले. त्या दिवशी किती कमाविसदारांनी आपापल्या मनातले बेत गुंडाळले असतील!

भिल्लांची हकिकतही तशीच. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटीत. बंडखोरांना बाईंनी जरबेने बसवले खरे, पण तेवढ्यावर भागवले नाही. डोंगरवाटांवरून जाणाऱ्या मालावर थोडासा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क, ज्याला भिलकवडी म्हणत, तो त्यांनी मान्य केला. आणि त्याबदली त्या वाटेवरच्या चोरीची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. लुटणारा राखणदार झाला. त्याला कोणी नीतीचे प्रवचन ऐकवले नव्हते. आपल्याशी कोणी सचोटीने वागते आहे, हे त्याच्या अनुभवाला आले होते.

आणि मग ती खासगीची वही. काशीविश्वेश्वराचे १७८० चे देऊळ, सोमनाथचे १७८३ चे, गयेच्या विष्णुपदाचे १७८७ चे. देशभरचे घाट, धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रे ही सारी कामे आपण मुखोद्गत सांगतो. पण या धर्मकार्याचा खर्च खासगीकडचा होता, दौलतीचा नव्हे, हे सांगायला विसरतो. मला तर यातच बाईंचे मोठेपण दिसते. काशीचे देऊळ बांधणे हे पुण्यच. त्यासाठी राज्याच्या तिजोरीत हात घातला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. पुण्याच्या कामालासुद्धा दुसऱ्या वहीतला पैसा चालत नाही, हे रोज त्यांच्या कारकुनांनी पाहिले. कारकून ज्या धन्याची वही पाहतो त्या धन्यापुढे त्याचे स्वतःचे हातही जरा आखडतात.

स्तुतीचे त्यांना काय वाटे, याचीही एक आठवण माल्कमने दिली आहे. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे शेवटपर्यंत ऐकला, आपण एक दुबळी, पापी बाई, या स्तुतीला लायक नाही असे म्हणाल्या, आणि तो ग्रंथ नर्मदेत सोडायला सांगितला. ग्रंथकाराची पुढे विचारपूसही केली नाही. आज तीनशे वर्षांनंतर आपण त्यांच्या स्तुतीचे जे ग्रंथ रचतो त्यांचे त्यांनी काय केले असते, हे वेगळे सांगायला नको.

येथवर वाचून कोणाला वाटेल की उदाहरण समोर असले की सगळे साधते. तसे नाही. इतिहास आपल्याला तेवढ्यावर सोडत नाही. १७९१ साल उजाडले. मुक्ताबाई ही बाईंची एकुलती मुलगी. तिचा मुलगा नथोबा आधी गेला, सुमारे वर्षभराने पती यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाई सती जायला निघाली. ज्या बाई स्वतः सती न जाता सदतीस वर्षे जगल्या, ज्यांच्या त्या जगण्याने माळव्याचे सोने झाले, त्याच बाई मुलीच्या पायाशी बसून विनवण्या करू लागल्या. मुलीने आपला निर्धार बदलला नाही. तुम्ही आता वृद्ध, तुमचे थोडे दिवस राहिले. पती-पुत्र गेले, उद्या तुम्हीही गेल्यावर मला जगणे असह्य होईल आणि मानाने जाण्याची वेळही टळलेली असेल, असे तिचे म्हणणे. बाई प्रेतयात्रेबरोबर चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. हात सोडवता येईनात म्हणून त्या ते हात चावू लागल्या. तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही. मग सावरल्या आणि मृतांचे स्मारक उभारायच्या कामाला लागल्या.

मुक्ताबाईपुढे तर जिवंत उदाहरण चोवीस तास होते. तरी ते अपुरे पडले, कारण तिच्यासमोर दुसरेही उदाहरण होते: घराण्यातल्या, भोवतालच्या, सती गेलेल्या कितीतरी बायकांचे, आणि त्यांना मिळणाऱ्या मानाचे. आई एकटी होती, रूढी शेकडो तोंडांनी बोलत होती. आदर्श कधी एकटा येत नाही. त्याच्यासमोर दुसरा आदर्श शड्डू ठोकून उभा असतो. मुलांवर आपलाच प्रभाव पडेल असे धरून चालणाऱ्या प्रत्येक आई-बापाने आणि मास्तराने हे ध्यानात ठेवावे.

राज्याचेही तेच झाले. १७९७ मध्ये तुकोजी गेले, त्यांच्या मुलांत भांडणे लागली, आणि बाईंच्या निधनानंतर सहाच वर्षांनी, १८०१ मध्ये, शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटले. ज्या शहराजवळून तळ हलवायला त्यांनी लावला होता तेच शहर! गादीवर बसणाऱ्यांनी त्यांचा कित्ता गिरवला नाही. पण ज्यांनी त्यांचा दरबार पाहिला होता ते सावकार, शेतकरी, विणकर विसरले नव्हते. म्हणूनच माल्कमला वीस वर्षांनी त्यांच्या तोंडून सगळे ऐकायला मिळाले. ‘यथा राजा तथा प्रजा’ हे म्हणणे एवढेच खरे की राजाकडे प्रजा पाहत असते. वारसा मात्र रक्ताने मिळत नाही आणि हुकमानेही मिळत नाही. पाहणाऱ्याने तो उचलावा लागतो.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हीच गोष्ट सांगितली आहे: श्रेष्ठ माणूस जे आचरतो त्याचे इतर लोक अनुकरण करतात. तेथे आचरणावर भर आहे. अलीकडच्या मानसशास्त्रज्ञांनी हेच प्रयोगाने तपासले. १९६१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे अल्बर्ट बांडुरा यांनी बहात्तर लहान मुले घेतली. त्यांतल्या काहींसमोर एका मोठ्या माणसाने हवेच्या बाहुलीला मारझोड केली. नंतर त्या मुलांना खेळायला सोडले तेव्हा त्यांनी तशीच मारझोड केली. ‘मारा’ असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुढे १९७० मध्ये ब्रायन आणि वॉलबेक यांचा एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो तर प्रत्येक शाळेत टांगून ठेवावा असा आहे. मोठ्या माणसाने उदारपणाचा उपदेश केला आणि स्वतः मात्र कंजूसपणा केला, तर मुले काय करतात? ती बोलताना त्याचा उपदेश बोलतात आणि वागताना त्याचे वागणे वागतात! आपल्या सार्वजनिक जीवनाचे याहून नेमके वर्णन मला ठाऊक नाही.

आता माझ्या दोन उधाऱ्या सांगतो आणि लेख आवरतो. तिरुवारूरहून परतल्यावर मी भाषण बदलले. आडा बाजाराची गोष्ट आजही सांगतो, पण ‘असे लोक सांगतात’ असे म्हणून सांगतो. चोळ राजाचीही सांगतो, आणि मी स्वतः एकदा वर्गात खोटे बोललो होतो हेही सांगतो. मुले हसतात, मग जरा गप्प होतात. परंतु १९९७ ची ती सातवीची तुकडी केव्हाच पांगली होती. तो मुलगा आज चाळिशीत असेल. कदाचित आपल्या मुलांना ती गोष्ट ‘इतिहासात आहे’ म्हणून सांगत असेल.

दुसरी उधारी ताजी आहे. मुलीच्या लग्नाच्या गडबडीत पाहुण्यांची यादी मी शाळेच्या कचेरीतल्या यंत्रावर झेरॉक्स करत होतो. पंधरा-वीस कागद असतील. आदल्याच दिवशी मी नववीच्या वर्गाला सांगितले होते की कागदाची तंगी आहे, सरावाच्या प्रश्नपत्रिका तुम्ही बाहेरून काढून आणा. त्या वर्गातली एक मुलगी दाखल्यासाठी कचेरीत उभी होती. ती काही बोलली नाही. तिने यंत्रातून निघणारे कागद पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि दाखला घेऊन गेली. संध्याकाळी मी कारकुनाकडे पैसे भरले, पावती घेतली. ती पावती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. पण तिने पाहिले ते पाहिलेच. पावती तिला दिसलेली नाही.

२०२५ साली अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. त्या मे महिन्यात महाराष्ट्राचे मंत्रिमंडळ चौंडीला बसले आणि मध्य प्रदेशाचे आमच्या राजवाड्यात. त्याच्या आदल्या वर्षी अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. इंदूर विद्यापीठाला तर १९८८ पासून त्यांचे नाव आहे. याचा अभिमान मला वाटतोच. पण नाव देणे हे सांगणे झाले. पाहायला मिळणे वेगळे.

आपल्यासारख्या दुभाषिक मुलखातल्या मराठी कुटुंबांना यात आणखी एक धडा आहे. माळवी-निमाडी बोलणाऱ्या प्रजेने या मराठी बाईला आई मानले, ते तिची भाषा आपली होती म्हणून नव्हे. तिची वही, तिची दरबाराची वेळ आणि तिचा शब्द त्यांनी पाहिला होता. आपण मुलांना मराठीपण सांगतो, शिवराय सांगतो, अहिल्याबाई सांगतो. शेजारी आणि मुले मात्र पाहतात ते वेगळेच: दुकानात सुटे पैसे जास्त आले तर हा मराठी माणूस परत करतो का, घरी आलेल्या मोलकरणीशी कसा बोलतो, आणि मराठी वाचा म्हणून मुलांना सांगणारा बाप स्वतःच्या हातात मराठी पुस्तक कधी धरतो का.

आता ती मुलगी दहावीत आहे. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली की तिच्या वर्गावर माझा तास आहे. खणातली ती पावती तेव्हा बरोबर न्यावी असे मी ठरवले आहे.